चेनसॉची पँट उन्हाळ्यात अंगावर राहील अशीच घ्या



धानाची मळणी आटोपली, लाखोळी-हरभरा घरात आला, की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या शेतकऱ्याचे लक्ष धुऱ्यावरच्या झाडांकडे जाते. कुणाला परवानगी मिळालेला साग पाडायचा असतो, कुणाला बांधीवर सावली धरणाऱ्या बाभळी छाटायच्या असतात. वैशाखातल्या वादळात गोठ्यावर झाड पडले तर ते काम उद्यावर टाकताच येत नाही. म्हणजे झाडकापणी नेमकी अशा दिवसांत येते, जेव्हा आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असतो.

पूर्वी हे काम कुऱ्हाडीने आणि दोघांनी ओढायच्या आऱ्याने होई. आता बहुतेक गावांत एखादे तरी पेट्रोलवर चालणारे चेनसॉ मशीन आले आहे. मशीन घेताना आपण इंजिन पाहतो, पात्याची लांबी पाहतो, सुटे भाग कुठे मिळतील ते विचारतो. पायात काय घालायचे, हे मात्र कुणी विचारीत नाही. मला एकदा विचारले होते आणि मी दिलेला सल्ला चुकला. म्हणून हा लेख.

वैनगंगेकाठच्या एका गावात सहा तरुणांनी पैसे जमवून मशीन घेतले. पँट कोणती घ्यावी, म्हणून ते माझ्याकडे आले. मी पुस्तकात पाहून सांगितले, “सर्वांत मजबूत घ्या. चारही बाजूंनी अस्तर असलेली.” त्यांनी तशी मागवली. थंडीत ती वापरलीही. एप्रिलमध्ये मी गावात गेलो, तेव्हा पँट मोहाच्या फांदीवर टांगलेली होती आणि पोरे लुंगी गुडघ्याच्या वर खोचून मशीन चालवीत होती. मी रागावलो. त्यांच्यातला एक म्हणाला, “साहेब, या उनात तो पँट घातला तं मानूस आधी उनानंच मरते.” मला उत्तर सुचले नाही. पुढच्याच आठवड्यात त्या मुलाच्या हातातले मशीन फांदी तुटताच खाली झुकले आणि डाव्या गुडघ्याच्या वर लागले. सतरा टाके पडले. पाय वाचला, पण त्या वर्षी रोवणीला तो बांधीत उतरला नाही. त्याच्या बायकोने आणि म्हाताऱ्या आईने माणसे लावून रोवणी उरकली, आणि मजुरीसाठी घरातली एक गाय विकावी लागली.

पँट चांगली होती. आपल्या हवेसाठी ती नव्हती, आणि हे मी आधी ओळखायला हवे होते.

ही पँट कसे काम करते, ते समजले म्हणजे निवड करणे सोपे जाते. साखळीने कापलेच जाणार नाही इतके कडक कापड तिच्यात असते, असा पुष्कळांचा समज आहे. तसे नाही. वरच्या कापडाखाली लांब, सैल आणि चिवट धाग्यांचे अनेक थर असतात. साखळी लागली की वरचे कापड फाटते, आतले धागे साखळीच्या दातांत गुंतून ओढले जातात, साखळी फिरवणाऱ्या दातेरी चक्रीत त्यांचा गोळा होतो आणि साखळी अडते. मोटारसायकलवर मागे बसलेल्या बाईचा पदर चेनमध्ये गेला की चाक कसे अडते, तसाच हा प्रकार. डोळ्याचे पाते लवण्याच्या आत हे घडते. जीन्सची जाड पँट किंवा चामड्याचे पायपट्टे यांच्यात असे धागे नसतात, म्हणून साखळीपुढे त्यांचा टिकाव लागत नाही. गवत कापण्याच्या मशीनसाठी मिळणारे पायपट्टे उडणाऱ्या खड्यांसाठी असतात. दुकानदार ते चेनसॉसाठी देऊ लागला तर घेऊ नयेत.

या पँटवर चेनसॉचे छोटे चित्र आणि त्याजवळ वर्गाचा आकडा असतो. वर्ग १ म्हणजे सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर वेगाने धावणाऱ्या साखळीवर तपासलेली. वर्ग २ ची तपासणी २४ मीटरवर होते आणि वर्ग ३ ची २८ मीटरवर. हा तपासणीचा वेग आहे, हमी नव्हे. पूर्ण वेगातले मशीन मांडीवर दाबले गेले तर कोणतीही पँट पुरी पडेल असे नाही. आकडा वाढतो तसे सहसा थरही वाढतात, वजन वाढते आणि उकाडाही. आकड्याशिवाय अक्षरही पाहावे. ‘अ’ आणि ‘ब’ प्रकारात (तिथे इंग्रजी ए, बी लिहिलेले असते) अस्तर मुख्यतः पायाच्या समोरच्या बाजूने असते, ‘क’ म्हणजे सी प्रकारात पायाभोवती सगळीकडून. मी सांगितलेली पँट या शेवटच्या प्रकारातली होती. ज्या देशांत या पँटी घडल्या, तिथे जंगलातले काम पुष्कळदा बर्फात चालते, हे मी विसरलो होतो.

जमिनीवर उभे राहून घरच्या मशीनने काम करणाऱ्याला समोरून संरक्षण असलेली वर्ग १ ची पँट बहुधा पुरते. मशीन मोठे असेल तर त्याच्या पुस्तिकेत साखळीचा वेग पाहावा आणि त्याप्रमाणे वर्ग घ्यावा. पँटच्या मागच्या बाजूला हवा खेळण्यासाठी जाळी किंवा चेन असेल तर उत्तम. रंग काळा नको. कमरेला आवळणाऱ्या पट्ट्याऐवजी खांद्यावरून येणारे पट्टे लावता येत असतील तर ते लावावेत, म्हणजे कमरेशी वारा शिरतो. उकिडवे बसून पाहावे. बसताना मांडीला ताणणारी पँट दुपारपर्यंत अंगावर राहत नाही.

पण उन्हाळ्यासाठी माझे मत विचाराल, तर चॅप्स घ्यावेत. हे म्हणजे आपल्या साध्या सुती पँटवरून समोरच्या बाजूने बांधायचे दोन पायपट्टे. कमरेला पट्टा आणि पायांच्या मागे बकले, मागची बाजू उघडी. अमेरिकेतले जंगल कामगार ते पुष्कळ वापरतात. मशीन सुरू करताना बांधावेत आणि फांद्या ओढायच्या वेळी सोडून ठेवावेत. शिवाय पट्टे सैल-घट्ट करून एकच जोड गटातल्या दोघा-तिघांना बसतो. यांतही एक खोड आहे. बकले ढिली राहिली तर साखळी लागताच पट्टा पायाभोवती फिरतो आणि उघडी बाजू समोर येते. म्हणून खालचे बकल कधीही सोडू नये, आणि लांबी बुटाच्या वरच्या काठावर येईल इतकी असावी. बूट म्हटले आहे, चप्पल नव्हे.

विजेवर किंवा बॅटरीवर चालणारे मशीन असेल तर आणखी सावध राहावे. अशा काही मशीनांचा जोर इतका असतो की धाग्यांनी साखळी लवकर अडत नाही. पँटच्या चिठ्ठीवर याविषयी काय लिहिले आहे, ते वाचून घ्यावे.

कपडा कितीही हलका घेतला तरी अस्तराखालचा घाम वाळत नाही. म्हणून कामाची वेळच बदलावी. पाडायची मोठी झाडे पौष-माघातच उरकावीत. उन्हाळ्यात पडलेलेच झाड उचलायचे तर उजाडताच सुरुवात करावी आणि दहाच्या आत मशीन खाली ठेवावे. त्या गटाने आता नियम केला आहे : पेट्रोलची एक टाकी संपली की मशीन आणि चॅप्स दोन्ही दुसऱ्याच्या अंगावर, पहिल्याने सावलीत बसायचे. तेवढ्या वेळात मिठाचे ताक, आंबील किंवा पन्हे प्यावे. पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, चक्कर आली, मळमळू लागले, तर त्या दिवशी मशीनला हात लावू नये. माणूस असंबद्ध बोलू लागला तर अंगावर पाणी ओतत, वारा घालत दवाखाना गाठावा. उन्हासाठी डोक्याला दुपट्टा बांधावा, पण त्याचे शेव आत खोचलेले असावेत. मोकळे शेव आणि लुंगी साखळीत जातात.

इतके करूनही लागलेच, तर जखमेवर हळद किंवा माती टाकू नये. स्वच्छ कापड जोराने दाबून धरावे, सोडून पाहू नये, आणि १०८ ला फोन करावा.

आता घरच्या भगिनींसाठी. पँट आणि चॅप्स तुमच्याच हातून धुतले जातात, म्हणून सांगतो. तेल आणि भुशाने धागे चिकटले की ते मोकळे ओढले जात नाहीत, तेव्हा धुणे लागतेच. कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवावे, ब्लिचिंग घालू नये, पिळू नये, सावलीत वाळवावे, इस्त्री करू नये. पँट लांब झाली किंवा अस्तरावर फाटली तर शिंप्याकडे देऊ नका. शिलाई अस्तरातून गेली की आतले धागे जागीच बांधले जातात, आणि मग साखळी अडवायला काही उरत नाही. वरचे कापड अस्तरापर्यंत कापले गेले असेल तर ती पँट कामातून गेली असे समजावे. तिचे पोते करा, बैलाला झूल करा, पण तिच्या भरवशावर माणसाला मशीनजवळ पाठवू नका.

पावसाळ्यात ती लोखंडी पेटीत, कडुनिंबाचा पाला घालून ठेवावी. धानाच्या कोठीजवळ टांगू नये. उंदरांना आतले मऊ धागे घरट्यासाठी फार आवडतात, आणि बाहेरून पाहता काहीच कळत नाही. दिवाळीनंतर पेटीतून काढाल तेव्हा दोन्ही पायांवर हात फिरवून, दाबून पाहा. कुठे पोकळ लागले तर ती वापरू नका.