दोष भाषेचा की विंडोजचा?

रेणापुरात एखाद्या सेवा केंद्रातला संगणक अडला की निदान ठरलेलं: ‘विंडोजच तसलं.’ इंजिनिअरिंग शिकून आलेली पोरं दुसरं टोक धरतात: ‘रस्ट भाषेत लिहा, भोकं राहणारच नाहीत.’

रस्टचा लौकिक खोटा नाही. २७ जून २०१७ला ‘नोटपेट्या’ या संगणकी किड्याने न्हावा-शेवा बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीचं टर्मिनल ठप्प केलं. तो पसरण्याची एक वाट विंडोजच्या फाइल-शेअरिंगमधून जात होती. तिथे ३२ बिटांच्या आकड्याचे १६च बिट बदलले जात; आकडा फुगे आणि मेमरीत राखलेल्या जागेबाहेर मजकूर लिहिला जाई. सी भाषा अशा वेळी हटकत नाही, रस्ट हटकते. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. पण ‘अपडेट केलं असतं तर वाचलो असतो’ हेही अर्धंच खरं, कारण हा किडा पासवर्ड चोरून अपडेट केलेल्या यंत्रांतही शिरत होता.

मग एप्रिल २०२४मध्ये खुद्द रस्टच्या लायब्ररीत १०पैकी १० तीव्रतेची त्रुटी निघाली, तीही फक्त विंडोजवर. लिनक्समध्ये एक प्रोग्राम दुसऱ्याला सुरू करताना माहिती सुट्या तुकड्यांत देतो. विंडोजमध्ये सगळं एकाच ओळीत जातं आणि ती कुठे तोडायची हे घेणारा ठरवतो. घेणारी बॅट फाइल, म्हणजे हुकुमांची यादी, असेल तर विंडोज ती चालवायला सीएमडी या आपल्या प्रोग्रामला गुपचूप मध्ये आणतं, आणि त्याचे अवतरणचिन्हांचे नियम इतरांपेक्षा निराळे. रस्टने नेहमीच्या नियमांनी बांधलेली ओळ सीएमडीने आपल्या नियमांनी सोडली. बाहेरच्या कुणी मजकुरात हुकूम दडवला असेल, तर तोही चालायचा.

इथे मेमरीचा संबंधच नव्हता. सीएमडीचं वागणं विचित्र खरं, पण ते बदललं तर जुन्या बॅट फाइली कोलमडतील. माझ्या मते भार रस्टवरच येतो: दिलेला मजकूर जसाच्या तसा पोचेल, असं आश्वासन तिच्याच दस्तऐवजात होतं. रस्टवाल्यांनी ते मान्य केलं. ९ एप्रिलच्या १.७७.२ आवृत्तीपासून मजकूर सुरक्षित बांधता येत नसेल तर रस्ट सरळ नकार देते. हाच दोष असलेल्या नोड आणि पीएचपीनेही दुरुस्ती केली. पायथन आणि गो यांनी दस्तऐवजात इशारा घातला. जावाने दुरुस्ती करायचं नाकारलं. तिथे बॅट फाइलकडे जाणारा मजकूर प्रोग्रामरनेच तपासायचा.