फ्रीमेसनांविषयीचा पुरावा कसा पारखावा?

फ्रीमेसन या बंधुसंघटनेचे सदस्य सैतानाची पूजा करतात, असे सांगणारी पुस्तके १८९०च्या दशकात फ्रान्समध्ये लिओ ताक्सिलने लिहिली. १९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसच्या भरसभेत त्यानेच ही सारी बनवाबनवी असल्याची कबुली दिली. तरीही अमेरिकी मेसन अल्बर्ट पाइक यांच्या नावावरचे ल्युसिफरच्या (सैतानाच्या) स्तुतीचे अवतरण आजही पुरावा म्हणून फिरते. पाइक १८९१ मध्ये वारले. पण ते अवतरण त्यानंतर, १८९४च्या एका मेसनविरोधी फ्रेंच पुस्तकात आले.

म्हणून आधी विचारावे: मजकूर कोणी, कधी, कशासाठी लिहिला? मूळ कागद आहे का? लॉजच्या, म्हणजे मेसनांच्या स्थानिक शाखेच्या, इतिवृत्तांशी, सदस्य-नोंदींशी तो जुळतो का? एकाच पुस्तकावरून दहा जणांनी उतरवले, तरी साक्षीदार एकच राहतो. मेसनांनी स्वतःविषयी लिहिलेला गौरवही याच कसोटीवर तपासायला हवा.