प्रशिक्षकाची निवड कशी जोखावी?

नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर रणजी सामना असला, की कट्ट्यावर एक वाद हमखास रंगतो: जो स्वतः भारताकडून खेळला नाही, तो इतरांना काय शिकवणार? ऑक्टोबर २०२३ मध्ये अमोल मुझुमदार भारतीय महिला क्रिकेट संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा, ३० शतकं. आंतरराष्ट्रीय सामना मात्र एकही नाही.

अशी निवड जोखताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, खेळाडू म्हणून असलेलं नाव. याला आपण उगाच जास्त भाव देतो. दुसरी, शिकवण्याचा अनुभव. मुझुमदारांनी मुंबईचा रणजी संघ सांभाळला होता, राजस्थान रॉयल्सच्या फलंदाजांना शिकवलं होतं. तिसरी आणि खरी कसोटी, पडत्या काळातलं डोकं. २०२५ च्या विश्वचषकात भारत ओळीने तीन सामने हरला. उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाने ३३९ धावांचं लक्ष्य दिलं, तेव्हा मुझुमदारांनी फळ्यावर एवढंच लिहिलं, की त्यांच्यापेक्षा एक धाव जास्त हवी. तो सामना आणि मग अंतिम सामनाही जिंकून २ नोव्हेंबरला नवी मुंबईत भारत जगज्जेता ठरला.

एका चषकाने सगळं सिद्ध होत नाही. पण हरल्यावर संघ कसा उभा राहतो, यावरून प्रशिक्षक कळतो.