एमआयटीला मागे टाकणारा पीव्हीसीचा रोबो

पाण्याखालच्या रोबोंचं वेड असलेल्यांना 'स्टिंकी' माहीत हवाच. 2004 साली कॅलिफोर्नियात सांता बार्बरा इथे मेट आरओव्ही (म्हणजे वरून चालवायच्या पाण्याखालच्या रोबोंची) स्पर्धा झाली. फिनिक्सच्या कार्ल हेडन हायस्कूलची चार मुलं थेट कॉलेजांच्या गटात उतरली आणि पहिली आली. एमआयटी दुसरी!

सांगाडा साध्या पीव्हीसी पाइपचा. जोडायच्या सोल्यूशनला इतका उग्र वास, की नावच 'स्टिंकी' पडलं.

मला सगळ्यात आवडतो तो बॅटरीचा निर्णय. पाण्यात रेडिओलहरी फार लांब जात नाहीत, म्हणून आरओव्हीला वरून केबल लागते. वीजही तिच्यातूनच द्यायची तर केबल जाड होते, वाटेत व्होल्टेज पडतं आणि ती रोबोला ओढत राहते. या मुलांनी बॅटरी रोबोवरच, वॉटरप्रूफ पेटीत बसवली. केबल बारीक झाली, पण पेटी गळली तर खेळ खलास. आणि ती गळलीच! मग पाणी शोषायला आत चक्क टॅम्पॉन ठेवले. (यापेक्षा स्वस्त दुरुस्ती दाखवा!)

तुम्ही बनवणार असाल तर आधी तोल बघा. वजन खाली, फोम वर. मग रोबो कलंडला तरी आपोआप सरळ होतो. मोटारी नंतर वाढवता येतात. पेटीत पाणी शिरू न देणारी रबरी ओ-रिंग बसवताना तिच्यावर एक केससुद्धा राहू देऊ नका, कारण दर 10 मीटर खोलीला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो.

आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांच्या 'मत्स्य'ला तर केबलच नाही, तो वाट स्वतः शोधतो. त्यावर पुढच्या पोस्टमध्ये.