पहिल्या पुस्तकाला गावाचं पाठबळ

आज आपण ऑस्ट्रिया देशातल्या राउरिस गावी जाऊ. आल्प्सच्या डोंगरातलं, साल्झबुर्ग प्रांतातलं हे गाव, वस्ती साधारण तीन हजार. लोक जर्मन बोलतात. पूर्वी इथल्या डोंगरात सोन्याच्या खाणी होत्या, पण आम्हाला सांगायचंय ते इथल्या एका बक्षिसाबद्दल.

१९७१ पासून राउरिसमध्ये साहित्याचे दिवस भरतात. १९७२ पासून तिथे कथा-कादंबरीसारख्या गद्याचं पहिलंच जर्मन पुस्तक लिहिणाऱ्याला साल्झबुर्ग प्रांताचा पुरस्कार मिळतो. लिहिणाऱ्याचं वय नाही, पुस्तक पहिलं आहे का ते बघतात. आम्हाला हे फार पटलं. बाईला लिहायला सवड मिळते कधी? मुलं हाताशी आल्यावर!

१९८५ साली हा पुरस्कार हेर्टा म्युलर यांना मिळाला. त्या रोमानियातल्या, जर्मन बोलणाऱ्या एका खेड्यात वाढल्या. पुढे एका कारखान्यात भाषांतराचं काम करत होत्या. गुप्त पोलिसांना खबरा द्यायला नकार दिला, म्हणून नोकरी गेली. पहिल्या पुस्तकात त्यांनी खेड्यातलं जगणं जसं पाहिलं तसं लिहिलं. घरातला धाक, दारू, मुकाट सोसणं, सगळं. १९८२ मध्ये ते छापलं गेलं, पण सरकारी कात्री लावून. त्यांच्याच समाजातले लोकही चिडले, घरातलं चव्हाट्यावर आणलं म्हणाले. (हे वाक्य आपल्याला काही नवं नाही.) अशा वेळी परक्या देशातल्या एका डोंगरी गावातून तिच्या लिहिण्याला मान मिळाला. १९८७ मध्ये त्यांनी रोमानिया सोडला. २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

राउरिसची आणखी एक रीत आहे. तिकडे पूर्वी शिंपी, चांभार शेतकऱ्याच्या घरी येऊन राहायचे, तिथेच जेवायचे आणि घरादाराचे कपडे, जोडे करून द्यायचे. आपल्याकडेही लग्नसराईत शिंपी मशीन घेऊन ओसरीवर बसायचा, तसंच. त्या जुन्या रीतीचं नाव घेऊन आता तिथे लेखक शेतकऱ्यांच्या घरात जाऊन आपलं लिखाण वाचून दाखवतात. सभागृहात जायला जी संकोचेल, तिच्या घरीच पुस्तक येतं.

शिवाय एक छोटा पुरस्कार आहे, तो साल्झबुर्गशी नातं असलेल्या नवोदितांसाठी. विषय ठरवून देतात आणि कुठेही न छापलेलं लिखाण मागवतात. पुस्तक नसलं तरी चालतं. याचे पैसे प्रांत आणि राउरिस गाव मिळून देतात.

आमच्या गटात हे सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "म्हणजे पंचायत लिहिण्यासाठी पैसे देते?"

होय, देते.