नाव एक, वेली तीन : गुळवेलीचा माल पारखूनच घ्या

काष्ठौषधींच्या व्यापारात आपले अनेक बांधव पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तालुक्याच्या बाजारपेठेतले अत्तार, यूनानी दवाखान्यांना माल पुरवणारे घाऊक व्यापारी, मुंबईत मशीद बंदर भागातले आडते, या सर्वांच्या वहीत एक नाव हमखास सापडते ते गुळवेलीचे. हकीमसाहेब चिठ्ठीवर ‘गिलो’ लिहितात, वैद्य ‘गुडूची’ लिहितात, उत्तरेकडचा ग्राहक ‘गिलोय’ मागतो. दुकानदार मात्र तिघांसाठी एकच खण उघडतो. त्यात चूक काहीच नाही, कारण ही तिन्ही नावे एकाच वेलीची आहेत. घोळ होतो तो उलट बाजूने. एकाच नावाच्या पोत्यात तीन निराळ्या वेली येऊ शकतात, आणि पोते उघडून पाहणारे थोडे.

आमच्या परिचयाचे एक वयस्क अत्तार आहेत. त्यांनी एका कारखान्याला गुळवेलीचे वाळलेले तुकडे पाठवले होते. माल तपासणीत नापास होऊन परत आला. ‘मिश्र जात’ एवढाच शेरा होता. जाण्यायेण्याचे भाडे अंगावर पडले, ते सोसताही आले असते. पण ‘भेसळ’ हा शब्द ऐकावा लागला, तो चाचांच्या फार जिव्हारी लागला. त्यांनी भेसळ केली नव्हती. रानातून ज्याने मोळी आणली त्याने गुळवेल म्हणून दिली आणि यांनी गुळवेल म्हणून घेतली. त्यांच्याशी बोलल्यानंतरच आम्ही या वेलीची नीट माहिती काढायचे ठरवले.

खऱ्या गुळवेलीचे शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्डेनॉव यांनी तिचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले तेव्हा ती ‘मेनिस्पर्मम’ या प्रजातीत घातली होती. पुढे 1855 साली हूकर आणि थॉमसन यांनी हिंदुस्थानातील वनस्पतींवरच्या आपल्या ग्रंथात तिला टिनोस्पोरा प्रजातीत आणले. कॉर्डिफोलिया म्हणजे हृदयाच्या आकाराच्या पानांची. तिचे कुल मात्र आजही मेनिस्पर्मेसी म्हणूनच ओळखले जाते. या नावाचा अर्थ चंद्रबीज असा आहे. या कुलातल्या बिया चंद्रकोरीसारख्या वाकलेल्या असतात, म्हणून हे नाव. अमरवेल मात्र अगदी वेगळी. ती बिनपानांची, पिवळ्या दोऱ्यांसारखी, दुसऱ्या झाडावर जगणारी बांडगुळी वेल असते. गुळवेलीला ‘अमृतवेल’ असेही म्हणतात, त्यामुळे अमृतवेल आणि अमरवेल यांची गल्लत करणारे आम्ही पाहिले आहेत.

आता ओळखीच्या खुणा. गुळवेल मोठ्या झाडावर उंच चढते आणि फांद्यांवरून दोऱ्यासारखी लांब मुळे खाली सोडते. ही लोंबती मुळे दुरूनही दिसतात. पान गुळगुळीत, पातळ, हृदयाकार असून त्याचे देठ लांब असते आणि देठाच्या बुंध्याशी फुगीर गाठ असते. कोवळे कांड हिरवे आणि मऊ. जून कांडावर कागदासारखी पातळ साल सुटते, ती नखाने खरवडली की खाली हिरवे दिसते. नर आणि मादी वेली वेगवेगळ्या असतात. पाने झडल्यावर बारीक पिवळसर फुले येतात आणि मग वाटाण्याएवढ्या लाल फळांचे घोस लागतात. जीव चिवट आहे. तोडलेले कांड सावलीत नुसते टाकून ठेवले तरी त्याला कोंब फुटतो. संस्कृतात तिला ‘छिन्नरुहा’, म्हणजे तोडली तरी उगवणारी, म्हणतात ते याचसाठी.

दुकानदाराच्या हाती मात्र पान येत नाही, फूल येत नाही, येतो तो वाळलेला तुकडा. तो आडवा कापून पाहावा. कापलेला भाग चाकासारखा दिसतो. मधून काठाकडे आऱ्यांसारख्या रेघा जातात आणि आऱ्यांमधला भाग सच्छिद्र, पाचरीच्या आकाराचा असतो. चव कडू. औषधीसंहितेतही हीच वर्णने आहेत. अंगठ्याएवढ्या जाडीचा, आतून न काळवंडलेला, बुरशीचा वास नसलेला तुकडा चांगला समजावा. पाने गळालेली असताना, उन्हाळ्यात काढलेला माल साठवणीला बरा. पावसाळ्यात काढून अर्धवट वाळवलेला माल पोत्यातच बुरशी धरतो, मग जात कितीही खरी असो. कडुलिंबावर चढलेल्या वेलीला हकीम आणि वैद्य दोघेही अधिक मान देतात, म्हणून तिचा भाव वेगळा लागतो. पण एकदा तुकडे झाल्यावर ती कोणत्या झाडावर होती हे सांगणारी कोणतीही खूण तुकड्यात उरत नाही. तेव्हा ‘नीमगिलो’चा जादा भाव देताना माल आणणारा माणूस विश्वासाचा आहे का, एवढेच पाहता येते.

दुसरी वेल टिनोस्पोरा सायनेन्सिस. ही आपल्याकडच्या रानातही आढळते. हिचे पान हाताला मखमलीसारखे लागते, कारण खालच्या बाजूला पांढुरकी लव असते. कोवळ्या कांडावरही लव असते. काही भागांत ही गुळवेलीऐवजी वापरली जाते, पण मागणीत कॉर्डिफोलिया लिहिले असेल तर ही चालत नाही. ओली मोळी पानांसकट आली तर फरक पोरालाही कळतो. पाने काढून टाकली की जाणत्याचीही पंचाईत होते.

तिसरी टिनोस्पोरा क्रिस्पा. सर्वांत जास्त सावध राहायचे ते हिच्याबाबत. ही मूळची आपल्या ईशान्येकडच्या आणि आग्नेय आशियाच्या रानांतली. इंडोनेशियात हिला ब्रोतोवाली म्हणतात आणि तिथे ती औषधात वापरतात. आपल्याकडे बागांमधूनही लावलेली आढळते. हिचे कांड करड्या रंगाचे आणि दाट, ठळक गाठींनी भरलेले असते. ताजे कापल्यास दुधासारखा स्राव येतो. 2022 च्या फेब्रुवारीत केंद्राच्या आयुष मंत्रालयाने दोन्ही वेलींतला फरक जाहीर केला. गुळवेलीच्या फुलाला सहा पाकळ्या, क्रिस्पाला तीन. गुळवेलीचे फळ गोल आणि लाल, क्रिस्पाचे लांबट आणि नारिंगी. केवळ गाठी पाहून निकाल देऊ नये, ही आमची विनंती. जुन्या खऱ्या गुळवेलीच्या सालीवरही चामखिळीसारखे उंचवटे येतात. बारीक, कोवळ्या कांडावरही गाठीच गाठी असतील तर संशय घ्यावा.

मंत्रालयाला हे खुलासे का करावे लागले, तेही आपल्या दुकानदारांना माहीत असलेले बरे. 2020 साली कोरोनाच्या काळात घरोघर गुळवेलीचा काढा सुरू झाला. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातल्या कातकरी तरुणांच्या वनधन केंद्राला मोठ्या औषध कंपन्यांकडून दीड कोटी रुपयांहून अधिक किमतीची मागणी मिळाल्याचे त्या वेळी जाहीर झाले होते. रानातल्या वेलीने गरिबाच्या घरात पैसा आणला, ही आनंदाचीच गोष्ट. पण 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले. पुढच्या वर्षी देशातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून अशा 43 रुग्णांचा अहवाल दिला. त्यांतल्या काहींना आधीच यकृताचा आजार होता. मंत्रालयाचे म्हणणे असे की गुळवेल निर्धोक आहे आणि दुसरी वेल चुकून घेतली गेली असावी. डॉक्टर मात्र खऱ्या गुळवेलीलाही निर्दोष ठरवायला तयार नाहीत. या वादाचा निवाडा करणे आमचे काम नाही. पण गल्ल्यावरून पुडी देताना ग्राहकाला यकृताचा किंवा संधिवातासारखा जुना आजार आहे का हे विचारावे, आणि असल्यास हकीम-डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. एक पुडी कमी खपली तर खपू द्यावी.

भुकटीबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. तयार भुकटी घाऊक भावात घेऊ नये. भुकटीत चाक दिसत नाही, साल दिसत नाही. कडूपणा तर क्रिस्पातही भरपूर असतो. घ्यायचीच असेल तर प्रयोगशाळेचा दाखला त्याच घाण्याचा आहे का हे पाहून घ्यावी. सत्त्वाची, म्हणजे ‘सत-ए-गिलो’ची, गोष्ट आणखी नाजूक. कांड कुटून पाण्यात भिजवायचे, गाळायचे आणि खाली बसलेला पांढुरका साका वाळवायचा, अशी त्याची रीत. हा साका मुख्यतः पिष्टच असतो. म्हणून त्यात बटाट्याचे किंवा आरारूटचे पीठ मिसळणे सोपे, आणि आयोडीनचा थेंब टाकून ते पकडणे अशक्य, कारण खरे सत्त्वही निळेच होते. फार स्वस्त, पांढरेशुभ्र सत्त्व कोणी देऊ लागला तर कांड किती लागले असेल याचा मनाशी हिशेब करून पाहावा.

चाचांनी आता आपली रीत बदलली आहे. मोळी घेताना पानांसकट दोन फांद्या ते वेगळ्या मागतात, त्या कागदात दाबून वाळवतात आणि त्यावर तारीख, गाव आणि आणणाऱ्याचे नाव लिहून ठेवतात. पावतीवर नुसते ‘गुळवेल’ न लिहिता पूर्ण शास्त्रीय नाव लिहितात आणि प्रत्येक पोत्यातला एक तुकडा कापून पाहतात. दुकानामागे तेलाच्या रिकाम्या डब्यात त्यांनी खऱ्या गुळवेलीचे एक कांड लावले होते, ते आता शेजारच्या कडुलिंबावर चढले आहे. माल घेऊन येणाऱ्या नव्या मुलाला ते आधी तिथे नेतात आणि पानाच्या खालून बोट फिरवायला सांगतात.