समुद्र बंद असतो तेव्हा

कोल्हापूरला एकेकाळी स्वतःचा समुद्र होता. मालवणचं बंदर आणि सिंधुदुर्ग किल्ला करवीर राज्याकडे होते. १७६५ साली इंग्रजांनी किल्ला घेऊन त्याचं ‘फोर्ट ऑगस्टस’ असं बारसं केलं, पुढच्या वर्षी तो परतही दिला. पण १८१२च्या तहात मालवण कायमचं हातचं गेलं. आता हा समुद्र आपण दिवाळीच्या सुट्टीपुरता परत घेतो. गगनबावड्याहून, फोंड्याहून नाहीतर आंबोलीच्या घाटाने गाड्या खाली उतरतात. माशाचं ताट होतं, किल्ला होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ‘डॉल्फिन दाखवतो’ म्हणणाऱ्याच्या होडीत सगळं घर चढून बसतं.

हंगाम चांगला असतो. पावसाळ्याचा गढूळपणा खाली बसलेला असतो. सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो, तोवर पाणी सपाट राहतं. दुपारी खारा वारा सुटला की लाटांवर फेस दिसू लागतो आणि त्यात डॉल्फिनचा पर ओळखणं कठीण होतं. त्यामुळे देवबाग, भोगवे, निवतीच्या होड्या सकाळीच सुटतात. निवतीपासून पश्चिमेला खोल समुद्रात खडकांचा एक पुंजका वर आलेला आहे. नकाशावर तो ‘वेंगुर्ला रॉक्स’, जुन्या इंग्रजी लिखाणात ‘बर्न्ट आयलंड्स’, तर होडीवाल्यांच्या तोंडी ‘निवती रॉक’. वर दीपगृह, खाली कपारी आणि गुहा. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, इथे काय असणार?

असतं पुष्कळ, फक्त आपल्या वेळापत्रकाप्रमाणे नसतं. कोकणात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते आणि प्रवासी होड्या मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. नेमक्या त्या दिवसांत, पावसाळ्याच्या तोंडाशी आणि पावसाळ्यात, या खडकांवर सुरय पक्ष्यांची वीण चालते. त्यातला काळसर पाठीचा, पांढऱ्या भुवईचा सुरय एरवी खुल्या समुद्राचा रहिवासी. जमिनीशी त्याचा संबंध विणीपुरता. खडकाच्या आडोशाला एकच अंडं घालायचं, पिल्लू उडतं करायचं आणि पुन्हा समुद्रावर निघून जायचं. ऑक्टोबरात आपली होडी तिथे पोचते तेव्हा बिऱ्हाड उठलेलं असतं.

हा चुकामुकीचा खेळ जुना आहे. पक्षिशास्त्रज्ञ अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम १८७५च्या फेब्रुवारीत लक्षद्वीपच्या सफरीवर असताना या खडकांपाशी आला होता. त्याला गजबजलेली वसाहत दिसली नाही. वाळून गेलेली सुरयांची कलेवरं मात्र सापडली. पुढे हुमायून अब्दुलअली यांनी इथल्या सुरयांचा आणि पाकोळ्यांचा अभ्यास केला आणि १९४२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर लिहिलं. ज्या दिवसांत बेट सर्वांत जिवंत असतं, त्याच दिवसांत उधाणलेला समुद्र पाहणाऱ्याला तिथे पोचू देत नाही. अभ्यासकाची ती अडचण, सुरयाची मात्र सोय. खवळलेल्या पाण्याइतका चोख पहारा कुठल्या खात्याला जमला असता?

पाकोळीच्या नशिबी हा पहारा आला नाही. निवती रॉकच्या गुहेत राहणारी ही पाकोळी चिमणीपेक्षाही लहान, धुरकट तपकिरी रंगाची. मिट्ट काळोखात ती टकटक असा आवाज काढते आणि भिंतीवरून परतणाऱ्या प्रतिध्वनीच्या अंदाजाने वाट काढते. वटवाघळांचं हे कसब फार थोड्या पक्ष्यांना साधलं आहे. घरटं लाळेचं. त्यात शेवाळ, पिसं मिसळून बशीच्या अर्ध्या तुकड्यासारखी एक वाटी ती ओल्या कातळाला चिकटवते. चिनी स्वयंपाकात अशा लाळेच्या घरट्यांचं सूप मानाचं समजतात, त्यामुळे या घरट्यांना मोल आलं. इंग्रजी अमदानीत ती काढण्याचे मक्ते दिले जात. पाकोळीची वीण फेब्रुवारी-मार्चपासून पावसाच्या तोंडापर्यंत चालते, म्हणजे समुद्र शांत असतो आणि होडी थेट गुहेच्या तोंडाशी लागू शकते, तेव्हाच.

या शतकाच्या सुरुवातीला गुहेतली घरट्यांची चोरी उघडकीस आली. भिंतीपर्यंत पोचण्यासाठी आत चक्क बांबूंची परांची बांधलेली होती. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने आणि भाऊ काटदरे यांनी हे प्रकरण लावून धरलं. पुढे या पाकोळीला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा मिळाली. एकाच खडकावरचे दोन पक्षी. एकाचा हंगाम माणसाच्या हंगामाबाहेर पडला आणि तो निभावला, दुसरीचा माणसाच्या हंगामात सापडला आणि तिला कायद्याचा आधार द्यावा लागला.

डॉल्फिनची गत आणखी अवघड, कारण तो बाराही महिने इथलाच. आपल्याला दिसतो तो बहुधा पाठीवर उंचवटा असलेला हम्पबॅक डॉल्फिन, मच्छीमारांचा ‘गादा’. वर येताना आधी लांबट चोच तिरकी पाण्याबाहेर निघते, मग डोकं, एक फुसकारा, पाठीचा बाक, बाकावरचा आखूड पर, आणि सगळं पुन्हा पाण्यात. उड्या मारून दाखवणं हा याचा नित्याचा स्वभाव नाही. पंचवीस मीटरपेक्षा उथळ पाण्यात, किनारा धरून तो जगतो. त्याच पट्ट्यात रापण ओढली जाते, त्याच पट्ट्यात बांगडा आणि पेडवे येतात, जाळी लागतात आणि पर्यटकांच्या होड्याही तिथेच फिरतात. जाळ्यातला मासा ओढताना गादा जाळं फाडतो, म्हणून मच्छीमार वैतागतो. जाळ्यात अडकला तर गादाच मरतो. जगाच्या संकटग्रस्त यादीत त्याचं नाव आहे. ‘कोकण सीटेशियन रिसर्च टीम’चे अभ्यासक या किनाऱ्यावर अशा प्राण्यांची नोंद ठेवत आले आहेत. परावरच्या खाचा-व्रणांची छायाचित्रं जुळवून एकेक डॉल्फिन वेगळा ओळखता येतो. २०१५ साली कुणकेश्वरजवळच्या समुद्रात निळा देवमासाही नोंदला गेला.

पाण्याखालची बाजू कागदावर तरी राखलेली आहे. १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, गाभ्यात सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाचा परिसर. निवती रॉक या हद्दीबाहेर, दक्षिणेला. आता तिथली वर्दळ वाढणार आहे. नौदलाच्या सेवेतून २०२४ साली निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ निवती रॉकजवळ समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभिंत करण्याची योजना राज्य सरकारने आखली. किनाऱ्यावरच्या घरांना त्यातून रोजगार मिळेल आणि तो मिळायलाच हवा. पण योजना आखताना पाकोळीची फेब्रुवारी ते मे ही वीण आणि सुरयांचा पावसाळा, दोन्ही वेळापत्रकं टेबलावर हवीत. मासेमारीबंदी माशांच्या विणीसाठी आहे, हे सर्वांना पटलेलं आहे. विणीच्या दिवसांत गुहेच्या तोंडाशी होडी न्यायची नाही आणि खडकांवर कुणी पाय ठेवायचा नाही, एवढी बंदी पक्ष्यांसाठीही पटायला हरकत नाही.

बाकीचं घाटावरून उतरणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात आहे. गादा दिसला की होडीत एकच गलका उठतो, ‘अजून जवळ घ्या!’ तांडेल कळपाच्या पुढून वळसा मारतो, दुसऱ्या होड्याही तिकडेच धावतात, आणि फुसकारा घेऊन बुडी मारलेला कळप मिनिटभराने दूर कुठेतरी वर येतो. जवळ जाऊन दिसणं कमीच होतं. इंजिन मंद ठेवून, कळपाला समांतर, पन्नासेक मीटर सोडून चालणाऱ्या होडीतून तोच कळप बराच वेळ पाहता येतो, आणि आभाळाकडे लक्ष असेल तर काकणही दिसतो. पांढऱ्या पोटाचा हा समुद्रगरुड याच सुमाराला किनाऱ्यावरच्या उंच झाडात काटक्यांचं थोरलं घरटं डागडुजीला काढतो. तांडेलाला हे सगळं आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. तो ऐकतो ते पैसे मोजणाऱ्याचं. होडी ठरवताना भाड्याची घासाघीस आपण करतोच. त्याच बोलण्यात लांबून दाखवण्याची अटही घालावी.